लाखाचे एकोणीस हजार : मॅकडॉवेल काउंटी, वेस्ट व्हर्जिनिया

सह्यकडा

१९५० च्या जनगणनेत ९८,८८७ माणसं. २०२० मध्ये १९,१११. मधल्या सत्तर वर्षांत इथे ना लढाई झाली, ना गावं धरणाखाली गेली. ज्या कोळशासाठी ही माणसं गोळा झाली तोही संपला नाही, आजसुद्धा निघतोय. माणसं मात्र गेली.

मागे अ‍ॅपलेशियावरच्या (अमेरिकेच्या पूर्वेकडचा डोंगराळ पट्टा) चर्चेत बऱ्याच जणांनी "कोळसा संपला, गावं ओस पडली" असा एका वाक्यात निकाल लावला होता. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढावा म्हटलं. मी शार्लटला (नॉर्थ कॅरोलिना) असतो. आय-७७ महामार्गाने उत्तरेला अडीच तासांत ब्लूफील्ड, तिथून यूएस ५२ धरला की मॅकडॉवेल. काउंटीतून एकही इंटरस्टेट महामार्ग जात नाही.

आधी जमिनीचा आकार समजून घ्या, नाहीतर बाकीचं काही समजणार नाही. वेस्ट व्हर्जिनियाचं हे अगदी दक्षिण टोक. क्षेत्रफळ सुमारे १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त. पण यात सपाट जमीन शोधून सापडत नाही. ओढ्यांनी कापून काढलेलं पठार आहे हे. डोंगर फार उंच नाहीत, पण एकाला लागून दुसरा आणि मधल्या घळी चिंचोळ्या. स्थानिक लोक या घळीला 'हॉलर' म्हणतात. घळीच्या तळाशी ओढा, ओढ्याला लागून रेल्वे, रेल्वेला लागून रस्ता, आणि उरलेल्या पट्टीत घरांची एक रांग. दुसऱ्या रांगेला जागाच नाही. टग फोर्क ही मुख्य नदी. तिला वेल्च गावात एल्कहॉर्न क्रीक मिळतो, खाली येगरला ड्राय फोर्क. सगळं पाणी पुढे बिग सँडीतून ओहायोला.

वेल्च हे काउंटीचं मुख्य ठिकाण. तिथे १९४१ मध्ये नगरपालिकेने गाड्या लावण्यासाठी बहुमजली इमारत बांधली. सार्वजनिक मालकीची अशी ही देशातली पहिली इमारत मानतात. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही, वेल्च! कारण सरळ आहे. शनिवारी पगार घेऊन आजूबाजूच्या खाणींतली माणसं बाजाराला उतरत, आणि दोन डोंगरांच्या बेचक्यातल्या गल्लीत गाडी लावायला तसूभर जागा नसे. ती इमारत अजून आहे. भोवतालच्या दुकानांच्या काचांना मात्र आतून प्लायवूड.

आता इतिहास. काउंटी १८५८ मध्ये टॅझवेल काउंटीतून वेगळी काढली, व्हर्जिनियाचे एक गव्हर्नर जेम्स मॅकडॉवेल यांच्या नावाने. तेव्हा हा सगळा मुलूख व्हर्जिनियातच होता. वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य यादवी युद्धाच्या धामधुमीत १८६३ मध्ये झालं. १८८० मध्ये इथे ३,०७४ माणसं होती. मक्याची थोडी शेती, डुकरं, शिकार, लाकूडतोड. बाहेरच्या जगाशी संबंध बेताचाच.

आणि मग नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे आली. १८८८ मध्ये बोगदा खोदून गाडी एल्कहॉर्नच्या खोऱ्यात उतरली, १८९२ पर्यंत रूळ ओहायो नदीला जाऊन भिडले. इथला पोकाहोंटास थरातला कोळसा कमी धुराचा, आरमाराच्या बोटींना हवासा, आणि कोक करून (म्हणजे बंद भट्टीत भाजून) लोखंड गाळायला तर अव्वल. लोकसंख्या बघा: १८९० मध्ये ७,३००, १९०० मध्ये १८,७४७, १९१० मध्ये ४७,८५६, १९३० मध्ये ९०,४७९. हंगेरी, इटली, पोलंडमधून माणसं आली. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, अलाबामातून कृष्णवर्णीय कुटुंबं आली. यू. एस. स्टीलने १९०२ पासून गॅरी नावाचं आख्खं गाव वसवलं, कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांच्या नावाने.

आता माझा मुद्दा. रेल्वे यायच्या आधीच, जमिनीखाली काय आहे याचा स्थानिकांना नीट अंदाज यायच्या आत, बाहेरच्या सट्टेवाल्यांनी जमिनी आणि खनिजाचे हक्क स्वस्तात उचलले होते. नंतर १९०१ मध्ये रेल्वे कंपनीनेच फ्लॅट टॉप कोल लँड असोसिएशनची अवाढव्य जमीन घेतली. म्हणजे रूळ रेल्वेचे, जमीन रेल्वेच्या उपकंपनीची, खाण चालवणारी कंपनी भाडेकरू, तीही टनामागे स्वामित्वधन देणारी. खाणकामगार त्या भाडेकरूचा भाडेकरू. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, बऱ्याच ठिकाणी पगारसुद्धा कंपनीने पाडलेल्या नाण्यांत, जी फक्त कंपनीच्याच दुकानात चालत. मालक कुठे राहत? बरेचसे शेजारच्या मर्सर काउंटीत, ब्रॅमवेल नावाच्या टुमदार गावात. त्या एवढ्याशा गावात एकेकाळी डझनभराहून जास्त लक्षाधीश होते म्हणतात. त्यांचे वाडे आजही रंगरंगोटी करून उभे आहेत.

संघटना करू गेलात तर काय व्हायचं, त्याचं ठिकाणही वेल्चमध्येच आहे. कोर्टाच्या दगडी पायऱ्या. १ ऑगस्ट १९२१ ला सिड हॅटफील्ड आणि एड चेंबर्स हे दोघे आपापल्या बायकांबरोबर त्या पायऱ्या चढत होते. हॅटफील्ड शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवानचा पोलीसप्रमुख, कामगारांच्या बाजूचा; चेंबर्स त्याचा साथीदार. आदल्या वर्षी कामगारांना घरांतून हुसकायला आलेल्या बाल्डविन-फेल्ट्स या खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीच्या माणसांशी त्याची चकमक झाली होती, दहा मेले होते. वेल्चच्या पायऱ्यांवर त्याच एजन्सीच्या माणसांनी दोघांना गोळ्या घातल्या. भर दिवसा, कोर्टाच्या दारात. शिक्षा कोणालाही झाली नाही. महिनाअखेरीस लोगन काउंटीत ब्लेअर माउंटनवर हजारो कामगार बंदुका घेऊन चालून गेले आणि शेवटी फेडरल फौज बोलवावी लागली. मॅकडॉवेलच्या खाणींत संघटना खऱ्या अर्थाने शिरली ती १९३३ नंतर, रूझवेल्टच्या काळात.

खाणीतल्या मरणाबद्दल एकच सांगतो. १० जानेवारी १९४०, बार्टली, स्फोट, ९१ मृत.

तर १९५० मध्ये शिखर, आणि तिथूनच उतार. १९६० मध्ये ७१,३५९, १९७० मध्ये ५०,६६६. वीस वर्षांत निम्मी काउंटी रिकामी, आणि या काळात खाणी बंद पडल्या म्हणून नव्हे. यंत्रं आली म्हणून. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा कोळशाला पुन्हा बरे दिवस आले आणि गळती थांबली, १९८० मध्ये ४९,८९९. मग पोलाद उद्योग कोसळला, यू. एस. स्टीलने गॅरीच्या खाणी बंद केल्या, १९९० मध्ये ३५,२३३. पुढे दर दहा वर्षांनी २७,३२९, २२,११३ आणि २०२० मध्ये १९,१११. यातही गंमत अशी की जनगणनेत कैदी तुरुंगाच्या पत्त्यावर मोजले जातात, आणि वेल्चजवळ आता फेडरल तुरुंग आहे. म्हणजे स्वतःहून राहणारे याहूनही कमी.

कोळसा संपून गावं ओस पडली हे खरं नाही. जमीन इथल्या माणसांची कधी नव्हतीच, म्हणून कोळशाला माणसं नकोशी झाली तेव्हा त्यांना धरून राहायला दुसरं काही उरलं नाही, असं माझं म्हणणं आहे. हाणा आता.

निमिष_ग

लेख आवडला, पण काउंटी म्हणजे जिल्हा समजायचा की तालुका? आणि दुसरा प्रश्न, थोडा कडू आहे. उरलेले १९ हजार तरी का राहिलेत? आपण सगळे पोटासाठी सातासमुद्रापार आलोच ना. शार्लट अडीच तासांवर आहे म्हणता.

सह्यकडा

निमिष, आकाराने तालुका, कामाने जिल्हा परिषद अधिक तहसील अधिक पोलीस ठाणं. निवडून आलेले तीन कमिशनर, निवडून आलेला शेरीफ, घरपट्टीची आकारणी करणाराही निवडून आलेला. शाळा काउंटीच्या मंडळाकडे.

दुसऱ्याचं उत्तर: जाणारे गेलेच की! ऐंशी हजार गेले. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत गेले, क्लीव्हलंडला, अ‍ॅक्रनच्या टायर कारखान्यांत गेले, नंतर नॉर्थ कॅरोलिनात आले. माझ्या शेजारच्या आजी मॅकडॉवेलच्याच. उरलेत ते कोण, तर ज्यांचं वय झालंय, ज्यांना पेन्शन किंवा अपंगत्वाचे पैसे येतात, ज्यांना आईवडिलांना सोडता येत नाही, आणि जे शाळेत, इस्पितळात, तुरुंगात नोकरीला आहेत. घर विकून जायचं म्हटलं तर ते घेणार कोण? तिथल्या घराच्या पैशांत शार्लटला वर्षभराचं भाडंसुद्धा निघत नाही.

दगडफोड्या

चंद्रपूरहून नमस्कार. कोळशात आयुष्य गेलं म्हणून लिहितो.

यंत्राचा मुद्दा थोडा उलगडतो. जुन्या पद्धतीत माणूस थराखाली खाच पाडायचा, भोक पाडून बार उडवायचा, आणि पडलेला कोळसा फावड्याने डब्यात भरायचा. मजुरी डब्यामागे. 'कंटिन्युअस मायनर' आल्यावर दातेरी ढोल फिरवत यंत्रच कोळसा कुरतडतं आणि मागे पट्ट्यावर टाकतं. खाच पाडणं, बार, भरणी, तिन्ही कामं एका चालकाकडे. फावडेवाल्याला काम उरत नाही.

यात कामगार संघटनेची बाजूही सांगायला हवी. युनायटेड माइन वर्कर्सचे जॉन एल. लुइस यांनी १९५० च्या करारात यांत्रिकीकरणाला आडकाठी केली नाही. बदल्यात टनामागे पैसे कल्याण निधीत, त्यातून दवाखाने आणि पेन्शन. त्यांचा हिशोब उघड होता: थोडे कामगार असू देत, पण चांगल्या पगाराचे आणि सुरक्षित. जे उरले त्यांचं भलं झालं. ज्यांची नोकरी गेली ते कुठल्याच करारात नव्हते. त्याच दशकात घरातल्या शेगड्या तेलावर आणि गॅसवर गेल्या, आणि रेल्वे डिझेलवर गेली. नॉरफोक अँड वेस्टर्नने तर वाफेची इंजिनं सगळ्यांत शेवटी सोडली, १९६० मध्ये. स्वतः कोळसा वाहणारी गाडी, ती शेवटपर्यंत कोळशावरच चालणार!

आणि तो कोळसा आमच्यासारखा नाही. आमचा गोंडवाना, पर्मियन काळातला, राख भरपूर, वीजकेंद्राला चालतो. पोकाहोंटास त्याच्याही आधीचा, राख कमी, गंधक कमी. असा कोळसा मी हातात घेतलाय, बोटांना तेलकट काळा लागतो आणि वजनाला हलका वाटतो. विजेसाठी जाळणं म्हणजे पाप.

कावेरी_प

धागाकर्त्यांनी कृष्णवर्णीयांना अर्ध्या ओळीत उरकलंय, त्याबद्दल तक्रार आहे. :) मॅकडॉवेलची खरी गोष्ट तिथे आहे.

दक्षिणेतल्या राज्यांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार कर, परीक्षा वगैरे लावून हिरावून घेतला, वेस्ट व्हर्जिनियाने तसं केलं नाही. शाळा वेगळ्या होत्या, वस्त्या वेगळ्या होत्या, पण मत होतं. आणि खाणीत टनाचा दर गोऱ्याकाळ्याला सारखा, हे अलाबामाहून आलेल्या माणसाला केवढं वाटलं असेल. मॅकडॉवेलमध्ये त्यांची संख्या एवढी होती की त्यांच्या मतांशिवाय कोणी निवडून येऊ शकत नसे. कीस्टोनमधून एम. टी. व्हिटिको 'मॅकडॉवेल टाइम्स' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. काउंटीला 'फ्री स्टेट ऑफ मॅकडॉवेल' म्हणायची पद्धत पडली ती त्याच काळातली.

इथले आमदार ई. हॉवर्ड हार्पर वारले आणि १९२८ मध्ये त्यांच्या जागी गव्हर्नरने त्यांच्या पत्नीची, मिनी बकिंगहॅम हार्पर यांची नेमणूक केली. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात बसलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. हे बोस्टनला घडलं नाही, मॅकडॉवेलमध्ये घडलं. त्याच वर्षी किम्बॉलला पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक पूर्ण झालं, खांबांची भव्य इमारत, रस्त्यावरून दिसते. नंतर ती जळून पडीक झाली होती, आता डागडुजी करून पुन्हा उभी आहे.

यंत्रं आल्यावर आधी कोणाची कामं गेली असतील हे सांगायला नकोच. हाताने कोळसा भरणाऱ्यांत त्यांचंच प्रमाण जास्त होतं, आणि यंत्रावर बसवताना प्राधान्य गोऱ्यांना.

सह्यकडा

कावेरीताई, तक्रार मान्य, आणि बरं झालं तुम्ही लिहिलंत. माझ्याच्याने एवढं नेमकं झालं नसतं.

तर्कट

सगळं ठीक आहे, पण एक बाजू कोणीच मांडत नाही. १९६० पासून या काउंटीत सरकारचा पैसा ओतला जातोय. फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नासाठी सरकारी कूपन) इथूनच सुरू झाले ना? साठ वर्षं अनुदान देऊन लोकसंख्या जवळपास चौथा हिस्सा. म्हणजे अनुदानाने काही होत नाही, लोकांना जागेवर बांधून ठेवलं जातं. जमीन कंपनीची वगैरे ठीक, पण मुंबईतल्या गिरणी कामगाराची तरी कुठे होती जमीन?

सह्यकडा

तर्कटराव, आजच्या योजनेची सुरुवात इथूनच झाली हे बरोबर. १९६० च्या प्राथमिक निवडणुकीत केनेडी या भागात फिरले, बेकार खाणकामगारांची घरं पाहिली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर फूड स्टॅम्पची प्रायोगिक योजना आणली, आणि २९ मे १९६१ ला वेल्चमध्ये पहिले स्टॅम्प दिले गेले. कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन स्वतः हजर होते. घेणारा बेकार खाणकामगार, घरात पंधरा खाणारी तोंडं, ९५ डॉलरचे स्टॅम्प. पहिली खरेदी: डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याचा डबा.

पण तुम्ही म्हणता तो पैसा माणसांच्या पोटात गेला, काउंटीत काही उभं करण्यात नाही. उभं करायचं तर आधी जागा हवी. सपाट जागा नदीकाठी, तिथे पूर. ८ जुलै २००१ ला पूर, लोक चिखल उपसून होत नाहीत तोवर २ मे २००२ ला पुन्हा तसाच. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परत, माणसंही दगावली. वरची, पुराच्या बाहेरची जमीन कंपन्यांची. १९८१ मध्ये अ‍ॅपलेशियातल्या ८० काउंट्यांच्या जमीनमालकीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही बाहेरची मालकी आणि तिच्यावरची नाममात्र घरपट्टी हेच दुखणं म्हणून पुढे आलं. घरपट्टी कमी म्हणजे शाळांना पैसे कमी.

कराचंच सांगतो. विल्यम मार्लंड नावाचा गव्हर्नर १९५३ मध्ये म्हणाला, खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उत्खनन कर लावू, त्यातून शाळा आणि रस्ते करू. कोळसा कंपन्यांनी तो हाणून पाडला. काही वर्षांनी हा माजी गव्हर्नर शिकागोत टॅक्सी चालवताना पत्रकारांना सापडला. शिखर संपायच्या आत तो कर लागला असता तर आज काय चित्र असतं? तुमच्या अनुदानाच्या हिशोबात हेही धरा.

गिरणी कामगाराची जमीन नव्हती, कबूल. पण गिरणी बंद पडली तरी मुंबई बंद पडली नाही.

तर्कट

शेवटचं वाक्य चांगलं आहे, पण त्याने माझाच मुद्दा सिद्ध होतो. जिथे दुसरं काही उभं राहूच शकत नाही तिथे माणसांनी राहावं म्हणून खर्च का करायचा? मार्लंडचं माहीत नव्हतं, वाचतो.

शालूताई_फेअरफॅक्स

मी फार्मसीत काम करते, व्हर्जिनियात वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत. आमच्या मराठी मंडळातले निम्मेअधिक लोक याच काउंटीत राहतात, म्हणून हा आकडा मला विसरता येत नाही. २०१० च्या आकडेवारीनुसार फेअरफॅक्समध्ये पुरुषाचं सरासरी आयुर्मान जवळपास ८२ वर्षं, मॅकडॉवेलमध्ये ६४. एकाच देशात, गाडीने दिवसाभराच्या आत पोचाल एवढं अंतर आणि अठरा वर्षांचा फरक.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. खाणीत पाठ मोडते, पाठीला गोळी मिळते, त्या गोळीची सवय लागते. नव्वदीच्या शेवटी अफूजन्य वेदनाशामकांचा जो लोंढा या डोंगरांत आला तो कोणी चोरट्या वाटेने आणला नव्हता, चिठ्ठीवर आला. त्यात कोळशाच्या धुळीने काळी पडलेली फुप्फुसं, मधुमेह, धूम्रपान. किती मुलं आजीआजोबांकडे वाढतायत ते बघा, आईवडील व्यसनात, तुरुंगात किंवा गेलेले.

आणि पाणी! खाण कंपन्यांनी गावासाठी शंभर वर्षांपूर्वी टाकलेले नळ, कंपनी गेल्यावर त्यांचं कोणी करायला नाही. उकळून प्या अशी सूचना काही ठिकाणी वर्षानुवर्षं लागू राहिलेली आहे. रस्त्याकडेच्या डोंगरातून पाइप काढलेला असतो, लोक ट्रकमध्ये कॅन भरून नेतात. तर्कट, हा 'माणसांनी राहावं म्हणून खर्च' नाही हो, नळाला पाणी आहे.

रूळबदल

रेल्वेवेड्यांसाठी भर. ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने पन्नाशीच्या दशकात नॉरफोक अँड वेस्टर्नची शेवटची वाफेची इंजिनं टिपली, रात्री, डझनावारी फ्लॅश बल्ब एकदम पेटवून. त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र येगरचं, ऑगस्ट १९५६. पुढे उघड्या मैदानातल्या सिनेमाला आलेल्या मोटारींच्या रांगा, टपाविना गाडीत बसलेलं जोडपं, पडद्यावर विमान, आणि मागून पांढऱ्याशुभ्र वाफेचा लोट सोडत धडधडत निघालेली मालगाडी. जोडपं गाडीकडे बघतसुद्धा नाही, रोजचंच. हातात पैसा असलेलं मॅकडॉवेल कसं दिसायचं ते त्या एका चित्रात आहे.

निमिष_ग

रूळबदल, आत्ता शोधून पाहिलं. जबरदस्त.

अवांतर: होमर हिकम इथलेच ना? कोलवुडच्या खाणीजवळ रॉकेट उडवणारी शाळकरी पोरं, १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात बक्षीस, पुढे नासात अभियंता.

सह्यकडा

तेच. कोलवुड मॅकडॉवेलमध्येच. खेळातलंही एक घ्या. नॉर्थफोर्क हायस्कूल, पोरं मोजकी, आणि १९७४ ते १९८१ सलग आठ वर्षं राज्याचं बास्केटबॉल अजिंक्यपद. १९८० च्या दशकात ते हायस्कूलच बंद करून दुसऱ्यात मिसळलं.

हिशेबनीस

कीस्टोनच्या बँकेचा किस्सा राहिला की! हजारबाराशे वस्तीचंसुद्धा नव्हे असं गाव, आणि तिथली फर्स्ट नॅशनल बँक ऑफ कीस्टोन कागदावर अब्ज डॉलरच्या वर. देशभरची धोकादायक गृहकर्जं गोळा करून रोखे काढायचा धंदा. १९९९ मध्ये तपासनिसांच्या लक्षात आलं की पुस्तकात दाखवलेली जवळपास निम्मी कर्जं बँकेकडे नाहीतच. कागदपत्रं खंदक खणून पुरलेली सापडली, अक्षरशः. गावातल्या लोकांची ठेव आणि शेअर्स दोन्ही त्याच बँकेत. विम्याच्या मर्यादेपलीकडचं आणि शेअर्समधलं सगळं बुडालं. आपल्याकडच्या सहकारी बँकांत हात पोळलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

२००८ च्या सब-प्राइमची रंगीत तालीम म्हणा ना.

कावेरी_प

आणि किम्बॉलचं वॉलमार्ट. २००५ मध्ये उघडलं, जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने देशभरातली दीडशेवर दुकानं बंद केली त्यात गेलं. भाजी आणि ताजं मांस तिथेच मिळायचं. लोक संध्याकाळी नुसते भेटायला, फिरायला जात. बंद झाल्यावर किराण्यासाठी डोंगर ओलांडून तास-तास गाडी हाकायची.

दगडफोड्या

सह्यकडा, आज तो कोळसा जातो कुठे ते लिहा की. मला अंदाज आहे, पण तुम्हीच सांगा.

सह्यकडा

दगडफोड्याभाऊ, तुमचा अंदाज बरोबरच असणार. गाडी भरते, नॉरफोक सदर्नच्या रुळांवरून व्हर्जिनिया ओलांडून नॉरफोक बंदरातल्या लॅम्बर्ट्स पॉइंटच्या धक्क्याला जाते आणि तिथून जहाजात. अमेरिकेचा पोलादी कोळसा घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांत आता भारत आहे. आपल्याकडे कोकिंग कोळसा झरियाकडे, तोही पुरेसा नाही आणि राखेचा. कुठल्या भट्टीत कुठला कोळसा ते सांगता येत नाही, पण खाणीत यंत्र चालवणाऱ्या तिथल्या माणसाचा पगार आपल्याकडच्या पोलादाच्या मागणीवरही हलतो हे नक्की. मागणी पडली की एक पाळी कमी.

तर्कटरावांना: दुसरं काही उभं राहूच शकत नाही असंही नाही. हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्स म्हणून चारचाकी मोटारबाइकींच्या वाटांचं जाळं आहे, जुन्या खाणरस्त्यांवरून. त्यासाठीची जमीनसुद्धा कंपन्यांशी करार करूनच मिळाली, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. शनिवार-रविवारी वेल्चमध्ये चिखलाने माखलेल्या गाड्या रांगेने पेट्रोल भरताना दिसतात. आणि शिक्षक टिकत नाहीत कारण राहायला धड घर नाही, म्हणून शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने वेल्चमध्ये शिक्षकांसाठी इमारतही बांधली. लाखाची वस्ती परत येणार नाही याने. कोणी तसं म्हणतही नाही.

तर्कट

नोंदवलं. पण नोकऱ्या किती, हंगामी किती, हे कळल्याशिवाय मी बाजू बदलत नाही.

रूळबदल

मे महिन्यात जायचा विचार आहे. रस्ता, राहणं, खाणं? सोबत शुद्ध शाकाहारी बायको.

सह्यकडा

ब्लूफील्डला टाकी भरून घ्या आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, हॉलरमध्ये शिरलं की रेंज जाते. यूएस ५२ वर समोरून कोळशाचे ट्रक येतात, वळणावर आपली बाजू सोडू नका. ट्रेलवाल्यांसाठी लॉज आहेत, पण शनिवारचं आधी बुक करा. मासेमारीची हौस असेल तर एल्कहॉर्न क्रीकमध्ये ट्राउट आहेत, खाणींतून येणाऱ्या थंड पाण्यावर वाढलेले. त्याच ओढ्यात बऱ्याच घरांचं सांडपाणीही थेट जातं, तेव्हा धरा आणि सोडून द्या.

वहिनींसाठी डबा. राज्याचा मानाचा पदार्थ म्हणजे पेपरोनी रोल (पावात भाजलेलं मसालेदार मांस), तोही इटालियन खाणकामगारांच्या डब्यातला. पावातून पेपरोनी काढून खा असं सांगण्याइतका मी शूर नाही.